न वाजलेला भोंगा

त्या दुपारी बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून माश्या बांधत होते. खऱ्या माश्या नव्हेत. बारीक गळावर रेशमी दोरा, पिसाची काडी, सशाच्या केसांची चिमूट असं काय काय गुंडाळून केलेल्या, नखावर मावतील अशा. आमच्या वरच्या डोंगरात एक ओढा आहे आणि त्याच्या गार पाण्यात ट्राउट असतात. हा मासा पाण्यावर पडलेले किडे टिपून खातो. त्याला फसवायचं तर नकली माशी नुसती हुबेहूब दिसून भागत नाही, ती पाण्यावर हुबेहूब उतरावीही लागते. निवृत्त झाल्यापासून बाबांचा जीव या दोन गोष्टींत अडकलेला होता.

मी रजा घेऊन घरी आले होते आणि त्यांच्यासमोर बसून एका पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“अहो, न्हाणीघराचा नळ गळतोय. किती वेळा सांगायचं?”

बाबांनी छोट्या पकडीने गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला. हा काटा माशाच्या जबड्यात रुतून बसतो. तो मोडला की गळ अलगद निघतो आणि मासा धडधाकट सोडता येतो. बाबा प्रत्येक गळाचा काटा मोडायचे.

“बघ,” आई मला म्हणाली. “भिंतीला कळलं, यांना नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ना, तो हा. मासा पकडायचा, त्याचं तोंड बघायचं आणि सोडून द्यायचा. अगं, घरी आणला असता तर मांजराचं तरी पोट भरलं असतं.”

“आपल्याकडे मांजर कुठंय,” बाबा ओठ न हलवता पुटपुटले. फक्त माझ्यापर्यंत पोचेल एवढंच.

मला हसू आवरेना.

“काय म्हणाले?”

“दोरा मागताहेत.”

“दोरा. जन्मभर दोरा.” आई आत गेली. थोड्या वेळाने बाबा उठले, पाना घेऊन न्हाणीघरात गेले आणि नळ नीट करून आले. आईला वाटलं, त्यांच्या आपोआप लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओढ्यावर गेले, आणि दुपारनंतर पोलिसांचा फोन आला.

बाबांना ऐकू यायचं. हे आईला माहीत नव्हतं, बाबांच्या मित्रांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्यांचं उभं आयुष्य छापखान्यात यंत्रावर गेलं, त्यामुळे कान गेले म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. वस्तुस्थिती अशी की ते कामावर कानात कापसाचे बोळे घालून उभे राहायचे, आणि ते बोळे घालूनही शाईचा रूळ कोरडा पडला की सगळ्यांच्या आधी त्यांनाच आवाजावरून कळायचं.

मला ते ओढ्यावर कळलं. काही वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर गेले होते. आम्ही एका डोहाच्या शेपटाशी गुडघाभर पाण्यात उभे होतो. पाणी दगडांवरून इतकं बोलत होतं की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. बाबांनी हात वर केला.

“ऐक.”

“काय?”

“त्या वाकड्या दगडाच्या पलीकडे. चुबुक झालं. वर येऊन तोंड मारून गेला.”

मला नुसतं पाणी ऐकू येत होतं. बाबांनी गळाची काठी मागे नेली, दोर हवेत सरळ होईपर्यंत वाट पाहिली आणि मग तो पुढे सोडला. माशी दगडापलीकडे पडली, म्हणजे पडली असावी, मला दिसलीही नाही. दोर ताणला. थोड्या वेळाने त्यांच्या ओल्या तळहातात ठिपक्यांचा मासा होता. त्यांनी त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरलं आणि तो आपला आपण निघून गेला.

“बाबा, तुम्हाला ऐकू येतं,” मी म्हणाले.

“येतं की.”

“मग घरी?”

ते एका खडकावर टेकले आणि काठी मांडीवर आडवी घेतली. “यंत्रं सुटली तेव्हा खरंच येत नव्हतं. कानात नुसता घोंघाट. काही महिन्यांनी गेला. पण तोवर तुझ्या आईला सवय झाली होती.”

“कसली?”

“बोलायची. समोरच्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस मोकळं बोलतं. ती तुझ्या मावशीशी फोनवर बोलायची आणि मी शेजारी माश्या बांधत बसलेला. एकदा म्हणाली, माणूस वाईट नाही गं, पण सोबत म्हणशील तर शून्य.” त्यांनी काठीवरचं पाणी अंगठ्याने पुसलं. “इतकी वर्षं संसार केला, मला ते माहीतच नव्हतं. तोंडावर कधी बोलली नसती. नळ, दिवा, किराणा, एवढंच आमचं बोलणं. मग मी तिला संध्याकाळी फिरायला न्यायला लागलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला उशिरा का होईना, उपरती झाली.”

“हे म्हणजे चोरून ऐकणं झालं, बाबा.”

“झालंच. पण दुसरी वाट सापडली नाही, बाई. तू तिला सांगू नकोस. तिला बोलायला एक जागा मिळालीय. ती गेली तर पुन्हा नळ आणि दिवा.”

मी सांगितलं नाही. पुढे मला ते आवडायलाही लागलं. आई मावशीला म्हणायची, हल्ली त्यांना न सांगता कळतं, आणि बाबा दोऱ्याची गाठ दातात धरून खाली बघत बसायचे.

आता भोंग्याबद्दल सांगायला हवं. ओढ्याच्या वर एका वीज प्रकल्पाचा बांध आहे. ते पाणी सोडणार असले की आधी भोंगा वाजवतात. भोंगा झाला की थोड्याच वेळात ओढा चढतो, आणि चढतो तो पायाखालचे दगड उचलत चढतो. म्हणून मासेमारी मंडळाचा एकच कडक नियम आहे. भोंगा झाला की दोर दातांनी तोडायचा आणि काठावर यायचं. गळाला मासा असो, काही असो. मासा सोडवत बसायचं नाही, दोर गुंडाळत बसायचं नाही. काटा मोडलेला असल्याने माशी माशाच्या तोंडातून आपोआप गळून पडते, त्याची काळजी नको.

बाबांनी एकदा आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा असा तोडून दिला होता. मंडळाचे सचिव दंतवैद्य आहेत, बाबांचे जुने दोस्त. घरात आम्ही त्यांना दातकाका म्हणतो. ते त्या दिवशी शेजारी जाळी घेऊन उभे होते. ही गोष्ट त्यांनी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कितीतरी वेळा सांगितली आहे. “मी म्हणतोय, अरे आला, आला, आणि हा गडी कचकन् दोर तोडून काठाकडे निघाला. मला वाटलं, वेड लागलं. आणि मग मला भोंगा ऐकू आला.” मग ते मांडीवर थाप मारून हसायचे. त्या गोष्टीत काय आहे हे त्यांना स्वतःला कधी ऐकू आलं नाही.

त्या दिवशी पाणी सोडलं होतं. बाबांचा देह सापडला तो बरंच खाली. काठी वर दोन दगडांत अडकलेली होती. दोर तुटलेला नव्हता. टोकाला माशी होती, आदल्या दुपारची, माझ्यासमोर बांधलेली. दोर तोडलेला नाही याचा अर्थ त्यांना भोंगा ऐकू आला नाही. यात वाद नाही. प्रकल्पाचं म्हणणंही तेच आहे.

प्रकल्पाचा सुरक्षा अधिकारी घरी आला तेव्हा मी बाबांचे कपडे घेऊन शवागाराकडे गेले होते. आई एकटी होती. त्याने फार सौजन्याने विचारलं की साहेबांना काही त्रास होता का, दिसण्याचा, ऐकण्याचा. आई रडत होती, आणि रडताना तिला राग येतो. ती म्हणाली, “त्यांना काय ऐकू येणार? मी जन्मभर ओरडले. कानाशी ढोल वाजवला असता तरी कळलं नसतं.” हे तिनेच मला नंतर सांगितलं, जणू घरातल्या एखाद्या जुन्या भांडणाची आठवण सांगावी तसं. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. चौकशीला त्यानंतर फारसं काही उरलं नाही. भोंगा वाजला होता, असं भोंगा वाजवणाऱ्यांनी सांगितलं. आठवड्याच्या मधल्या वारी तिथे दुसरं कुणी नव्हतं. बाबा मुद्दाम असे वार निवडायचे. बहिरा माणूस, वाहतं पाणी. खेदजनक घटना.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण त्या निदान बोंबा तरी असतात. हे तर हळुवार आवाजात चाललं होतं. प्रकल्पाने मोठं पुष्पचक्र पाठवलं. प्रकल्पाने विचारलं की ओढ्याकाठी बाबांच्या आठवणीसाठी दगडी बाक बसवला तर आमची हरकत नाही ना. बाकावर कोरायचं वाक्य दातकाकांनी लिहिलं होतं. ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं: “त्याला फक्त पाण्याचा आवाज ऐकू यायचा.”

“तू पुस्तकांतली आहेस,” ते म्हणाले. “एखादा शब्द इकडचा तिकडे करायचा असेल तर सांग.”

वाक्य चांगलं होतं, हेच मला सहन होईना. माझं काम दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्याचं आहे. वाईट वाक्य खोटं बोललं तर लगेच उघडं पडतं. हे पडणार नव्हतं. लोक बाकावर टेकतील, वाचतील, गलबलतील, आणि ज्याने भोंग्याचं बटण दाबलं नाही किंवा ज्याने बिघडलेला भोंगा तसाच ठेवला, त्याला पाठीशी घालायचं काम ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या करत राहील.

मी दातकाकांच्या दवाखान्यात गेले. दुपार होती, खुर्ची रिकामी होती, ते हात धूत होते.

“बस. खुर्चीत नको, तिथे बसलं की सगळ्यांची बोबडी वळते. स्टुलावर बस.”

“काका, त्या मोठ्या माशाच्या वेळी भोंगा आधी कुणाला ऐकू आला होता?”

त्यांनी नळ बंद केला. हात फार वेळ पुसले.

“मी वर बघितलं असेल. माझ्याकडे बघून त्याने ओळखलं असेल.”

“तुम्ही तर म्हणायचात, तुम्हाला वाटलं त्यांना वेड लागलं.”

“गोष्ट रंगवून सांगतो गं माणूस.”

“बाबांना ऐकू यायचं.”

 त्यांनी खुर्चीचा दिवा उगाच चालू केला आणि बंद केला. “हे बघ. ओढ्यापर्यंतचा रस्ता प्रकल्पाच्या जमिनीतून जातो. ते दर वर्षी परवानगी देतात म्हणून मंडळ आहे. म्हातारी माणसं आहेत सगळी, त्यांना तेवढंच एक आहे. तुझ्या बाबालाही तेवढंच होतं.”

“म्हणजे भोंगा वाजला नाही हे तुम्हाला माहीत आहे.”

“मी असं म्हटलं नाही. मी तिथे नव्हतो.” ते खुर्चीच्या कडेवर टेकले. “आणि तू कुणाला सांगणार? तुझ्या आईने स्वतः सांगितलंय, त्याला ऐकू येत नव्हतं. आईला खोटं पाडणार आहेस? सगळ्यांसमोर?”

मूग गिळून बसलेल्या माणसाचा राग येतो. पण ज्याने मूग गिळून वर माझ्याच आईची आठवण करून द्यावी, त्याचा आणखी येतो. मी उठले. दारात त्यांनी विचारलं, “बाकाचं वाक्य ठेवू ना?” मी बाहेर पडले.

आईला एकटीला सांगायचं असं मी ठरवलं. त्या आठवड्यात ती बाबांचे कपडे कपाटातून काढत होती. रबरी बूट, खिशांचं जाकीट, कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर. ती एकेक खिसा उलटा करत होती आणि पिसांचे तुकडे पलंगावर पडत होते.

“कचरा,” ती म्हणाली. “सगळ्या घरात हा कचरा. जेवणात पीस निघायचं.”

“आई, मला तुला बाबांबद्दल काही सांगायचंय.”

“सांग की.” तिने स्वेटरची घडी केली आणि ती मांडीवर ठेवून बसली. मी बोलायच्या आधी तीच बोलायला लागली. “एक बरं होतं बघ. त्यांना ऐकू यायचं नाही. नाहीतर मी काय काय बोलले आहे त्यांच्यादेखत. तुझ्या मावशीला विचार. एकदा म्हटलं होतं, याच्यापेक्षा एकटी राहिले असते तर बरं. असंच, डोकं फिरलं होतं. शेजारीच बसले होते, दोरा ओढत.” तिने स्वेटरवरचा केस उचलला. “ते कानावर गेलं असतं तर मी तोंड कुठे दाखवलं असतं? शेवटी शेवटी तर किती चांगले वागले माझ्याशी. न सांगता सगळं कळायचं.”

मी पलंगावरची पिसं गोळा केली.

“काय सांगत होतीस?”

“बूट कुणाला द्यायचे, विचारत होते.”

म्हणजे असं होतं. मी गप्प राहिले तर बाबा कायमचे बहिरे राहणार होते, स्वतःच्या चुकीने बुडालेले. मी बोलले तर आईची उरलेली वर्षं त्या एका वाक्यापाशी अडकणार होती. आणि ज्या माणसांनी ही निवड माझ्यासमोर ठेवली होती, ती बाकासाठी दगड निवडत होती.

बाक बसवला त्या रविवारी मंडळाची सगळी माणसं डोंगरावर जमली. ऊन होतं, ओढा पारदर्शक होता, तळाचे दगड मोजता आले असते. आईसाठी घडीची खुर्ची आणली होती. दातकाका बोलले, आणि चांगलं बोलले. मग त्यांनी आईला विचारलं, वहिनी, तुम्ही काही बोलता का.

आई खुर्चीतूनच म्हणाली, “मी काय बोलणार? मी इतकी बोलले आणि त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून तर संसार झाला.” माणसं हसली, प्रेमाने हसली. एकाने डोळे पुसले.

मग सुरक्षा अधिकारी पुढे आला. तरुण होता, बूट नवे होते. तो म्हणाला, या दुर्दैवी घटनेतून प्रकल्पाने धडा घेतला आहे. ओढ्याच्या दोन्ही वाटांवर फलक लावले जातील. ज्यांना ऐकू कमी येतं अशांनी पाण्यात उतरू नये. यापुढे परवाना देताना मंडळाच्या प्रत्येक सभासदाच्या कानांची तपासणी होईल.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं.  दातकाका बुटाच्या टोकाने एक खडा हलवत होते.

“आणि भोंग्याची तपासणी?” मी विचारलं.

“जी?”

“भोंग्याची. आत्ता वाजवून दाखवता? आम्ही सगळे इथे आहोत. ऐकतो.”

तो हसला, अवघडून. “ताई, तसा वाजवता येत नाही. त्याची पद्धत असते. वरून मंजुरी लागते.”

“पाणी सोडू नका. नुसता वाजवा.”

“आज रविवार आहे, ताई. तिथे माणूस नाही.”

“मग त्या दिवशी तरी भोंग्यापाशी माणूस होता का?”

“अगं,” दातकाका हलक्या आवाजात म्हणाले, “आजचा दिवस तरी.”

आईने खुर्चीतून हात लांब करून माझं मनगट धरलं. “जाऊ दे गं. कशाला त्या पोराच्या मागे लागतेस? वाजला काय आणि न वाजला काय. त्यांना कुठे ऐकू येणार होतं?”

अधिकाऱ्याने मान खाली घातली, आदराने घालतात तशी. त्या मानेत सुटका झाल्याचा भाव होता, तो मी बघितला. तो एकटाच नव्हता. मंडळाची माणसंही जरा सैल झाली, कुणीतरी खाकरलं, आणि मला कळलं की माझ्या आईचं हे वाक्य आता इथून कुठेही न्यायला सगळे तयार आहेत. ती स्वतः ते घेऊन घरी जाईल आणि त्याच्या आधाराने जगेल.

“आई,” मी म्हणाले, “बाबांना ऐकू यायचं.”

तिचा हात माझ्या मनगटावर तसाच राहिला.

“त्यांना पाण्यावर मासा तोंड उघडतो तेसुद्धा ऐकू यायचं,” मी अधिकाऱ्याकडे बघून म्हणाले. “भोंगा वाजला असता तर त्यांनी दोर तोडला असता आणि ते काठावर आले असते. या काकांच्या आधी आले असते, पूर्वीही आले होते. विचारा त्यांना. भोंगा वाजला नाही.”

दातकाकांनी वर बघितलं नाही. अधिकारी काहीतरी म्हणायला लागला, अहवाल, नोंद, असं काही. मला ते नीट ऐकू आलं नाही, कारण आई माझ्याकडे बघत होती. तिला भोंग्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा चेहरा मागे मागे जात होता, एकेका दुपारपाशी थांबत, फोनपाशी, टेबलापाशी.

“घरी?” तिने विचारलं.

खाली बसून मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“घरीसुद्धा, आई. सगळं.”